बोक्याच्या शुगरचा वसा

हा वसा कुणी घ्यावा? ज्याच्या घरचा बोका हल्ली पाण्याच्या भांड्यापाशीच मुक्कामाला असतो, लिटरमधले गोळे ज्याला रोज जास्त उचलावे लागतात, आणि दिवसभर खाऊनही ज्याच्या बोक्याचा कणा हाताला लागू लागला आहे, त्याने. पाच किलोचा बोका दिवसाला अर्धा लिटर पाणी पिऊ लागला की ‘उकाडा किती वाढलाय’ म्हणत पंखा वाढवू नये, डॉक्टरांची वेळ घ्यावी. मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालत असेल तर आजचीच घ्यावी. सात वर्षांपुढचा, ऑपरेशन झालेला, सोफ्यावर लठ्ठ झालेला बोका हा या व्रताचा हमखास धनी.

निदान झाल्याचं नातेवाइकांना लगेच कळवू नये. पहिला प्रश्न येतो, ‘पेढेबिढे खायचा का?’ मांजराला गोड चवच कळत नाही. ती ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांत निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. नंतर प्रश्न येत नाहीत, सल्ले येतात: कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्रभर भिजवलेली मेथी. रस तुम्हीच येऊन पाजा, एवढं नम्रपणे सांगावं. विषय तिथेच मिटतो.

बोक्याला टोपलीत घालणं हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे, तो इथे नको. एवढंच लक्षात ठेवा, की टोपली, रिक्षा आणि क्लिनिकच्या बाकाशेजारी धापा टाकणारा लॅब्रॅडॉर यांच्या धसक्याने धडधाकट मांजराचीही साखर 300 च्या वर जाऊ शकते. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर निकाल देत नाहीत. लघवीत साखर उतरतेय का ते पाहतात, फ्रुक्टोसामीन तपासायला सांगतात. ती तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते, अर्ध्या तासाच्या संतापाने तिच्यात फरक पडत नाही. मध्यंतरी खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं, तोंडाला वास येतो, असलं सगळं याच भेटीत सांगून टाकावं. स्टेरॉइडने साखर वाढते आणि किडलेल्या दातांमुळे इन्शुलिन नीट लागू पडत नाही.

इन्शुलिनसाठी टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी 1921 मध्ये प्रयोग केले ते कुत्र्यांवर. कष्ट कुत्र्याचे, लाभ मांजराचा; बोक्याला यात वावगं काही दिसत नाही. डॉक्टर बऱ्याचदा ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन लिहून देतात, म्हणजे माणसांचंच. आता नवशिक्याने खुर्ची ओढून बसावं, पुढचा मजकूर गमतीचा नाही.

आपल्याकडे मेडिकलमध्ये मुख्यतः दोन ताकदींचं इन्शुलिन मिळतं: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचं आणि 100 युनिटचं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या, 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. ग्लार्जिन बहुधा असतं 100 चं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत ओढलं, की बोक्याच्या अंगात एक नव्हे, अडीच युनिट जातात. मांजराची सुरुवातच बहुतेक वेळा एका खेपेला एखाद्या युनिटने होते. अडीच म्हणजे काय, ते समजून घ्या. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा पोरगा ‘सेमच आहे, घेऊन जा’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली बारीक सिरिंज दिसली तर सोडू नये. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं इन्शुलिन वितळवून वापरत नाहीत, फेकतात.

टोचणं हा या व्रतातला सगळ्यांत सोपा भाग. बोका ताटलीत तोंड घालून बसला, की पाठीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्या बुडाशी सुई घालायची. बोक्याला बहुधा पत्ताही लागत नाही. थरथरतो तो तुमचा हात. कधी सुई पलीकडून बाहेर येते आणि केस ओले होतात. तेव्हा पुन्हा टोचू नये, कारण आत किती गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं. ‘तू दिलंस का?’ ‘मला वाटलं, तुम्ही दिलंत’ या संवादालाही तोच नियम. एखादी वेळ हुकली तर निभावतं, दोनदा दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ज्याने दिलं त्याने सही करावी. घरात आजी असतील तर हे खातं त्यांच्याकडे द्यावं. दुधाच्या अर्ध्या पिशवीचाही घोळ ज्यांनी कधी होऊ दिला नाही, त्यांच्या वहीत इन्शुलिनही चुकत नाही.

दोन वेळांत साधारण 12 तासांचं अंतर हवं. सकाळी सात ठरवलेत तर संध्याकाळी सात. लग्नाची रिसेप्शनं नेमकी सातलाच असतात. रांगेत उभं राहून पाकीट देण्याचं टाळायला इतकं सज्जड कारण यापूर्वी कुणाला मिळालं नसेल.

दूधभात आणि दूधपोळी बंद. मांजर पक्कं मांसाहारी; कोरड्या दाण्यांमध्ये पिष्ट भरपूर असतं, म्हणून डॉक्टर बहुधा प्रथिनांचं, कमी पिष्टाचं ओलं अन्न सुचवतात. पण उत्साहाच्या भरात एका दिवसात सगळं बदलू नये. पिष्ट घटलं की इन्शुलिनची गरजही घटते, आणि कालची बरोबर मात्रा आज जास्त ठरते. लठ्ठ आहे म्हणून बोक्याला एकादशीही घडवू नये. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं, की यकृतात चरबी साठून भलतंच दुखणं उभं राहतं. चिकन घरी उकडाल तर कांदा-लसूण वर्ज्य, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

जेवलाच नाही, तर आधी डॉक्टरांना फोन, इन्शुलिन नंतर. साखर 60 च्या खाली घसरली की बोका झोकांड्या खातो, भांबावतो, क्वचित झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळावा, स्वतःची बोटं दातांपासून जपून. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नये. शुद्धीवर असेल तर लगेच खायला घालावं आणि थेट दवाखाना गाठावा.

घरी साखर मोजायची ती कानाच्या कडेला, कान आधी जरा कोमट करून. माणसांचं ग्लुकोमीटर मांजरात खऱ्यापेक्षा बहुधा कमी आकडा दाखवतं, म्हणून यंत्र कोणतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावं आणि मधेच बदलू नये. कधी डॉक्टर दिवसभराचा आलेख मागतात, दर दोन तासांनी एक थेंब. त्यासाठी रविवार राखून ठेवावा. आकडे लिहिणं तुमचं काम, अर्थ लावणं डॉक्टरांचं. ‘सकाळी 320 आलं, अर्धा युनिट वाढवून टाकू का?’ नाही. बदललेल्या मात्रेचा अंदाज यायलाही आठवडाभर लागतो. आपल्या गोळ्या स्वतःच कमी-जास्त करणारा एक काका प्रत्येक कुटुंबात असतो. त्याला बोक्यापासून लांब ठेवावं. रात्री-अपरात्री डॉक्टरांना उठवावं ते बोका ओकत असेल, गळून पडला असेल किंवा लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर. एका 320 साठी नाही.

सुईच नको, अशांसाठी तोंडावाटे द्यायची औषधंही निघाली आहेत. अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरात त्यातली पहिली गोळी मंजूर झाली आणि 2023 मध्ये एक द्रवरूप औषध. ती आधी इन्शुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि कीटोन वाढण्याचा धोका त्यांतही आहे.

लवकर सुरुवात झाली, वजन उतरलं, अन्न पाळलं, तर काही बोक्यांना पुढे इन्शुलिन लागेनासं होतं. हे या व्रताचं उद्यापन. त्याचा मुहूर्त डॉक्टरच काढतात, मात्रा पायरीपायरीने उतरवत. पेढे वाटावेत, माणसांना. दूधभाताची बंदी तशीच राहते, महिन्याला वजनही घ्यायचं, आणि पुढे कधी खाजेसाठी नव्या डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांनी स्टेरॉइड भरायच्या आत ही जुनी वही टेबलावर ठेवायची.