ओवी कुणाच्या नावावर

शिवऱ्यात माणूस कवी झाला की त्याला आधी सन्मानपत्र येतं, कविता सवडीने येते. गाव पुणे-सातारा रस्त्यावरचं, खेड शिवापूरच्या पुढे आणि नसरापूरच्या अलीकडे. रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ, कंपन्यांच्या बसगाड्या, लग्नसराईत मंगल कार्यालयांबाहेर बँडवाले. इतक्या गोंगाटात चार ओळी जुळवणं हे तसं धाडसाचंच काम, त्यामुळे कुणी त्याचा सन्मान केला तर माझी हरकत नाही. माझा पुतण्या दुसरी पाळी करून घरी येतो, उजव्या हाताने भाकरी मोडत डाव्या हाताने मोबाईल उघडतो आणि सांगतो, "काका, आज लक्षवेधीत आलो."

ही लक्षवेधी विधानसभेतली नव्हे. व्हॉट्सॲपवर कवींचे समूह असतात, त्यांत रोज सकाळी एक विषय पडतो. रात्री नऊपर्यंत रचना पाठवायची, मग परीक्षण. निकालात सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, तृतीय, उत्तेजनार्थ आणि लक्षवेधी असे कप्पे. सर्वोत्कृष्ट आणि प्रथम यांत वरचा कोण, असं मी विचारलं तर पुतण्या म्हणाला, "दोघंही वरच असतात." एवढी समता आमच्या ग्रामपंचायतीतही अजून आलेली नाही.

सन्मानपत्र मात्र निरखून बघण्यासारखं असतं. वर वीणाधारी सरस्वती, कडेला दौत आणि मोरपीस, मधोमध गोल चौकटीत कवीचा फोटो. पुतण्याचा फोटो आतेबहिणीच्या लग्नातला. त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. हाताचा मालक कात्रीत गेला, बोटांतल्या अंगठ्या तेवढ्या राहिल्या. नावाआधी 'आदरणीय कविवर्य'. तळाशी मुख्य प्रशासक, सहप्रशासक, परीक्षक आणि सन्मानपत्राची सजावट करणारा, अशा सह्या ओळीने. सजावटवाल्याची सही सगळ्यांत मोठी, आणि मला विचाराल तर तो तिचा हक्कच आहे.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग समूहात घोषणा झाली, 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह'. प्रत्येकी दोन कविता, त्यासाठी ठरावीक रक्कम, शिवाय पाच प्रती स्वतः विकत घ्यायच्या. शंभर कवी धरले तर पाचशे प्रती छापण्याआधीच खपल्या, आणि विकत घेणारे तेच लिहिणारे. पुस्तकधंद्यात इतकं बिनधोक गणित मी तरी पाहिलेलं नाही. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, 'आयएसबीएन क्रमांकासह', आणि त्याचे पैसे वेगळे.

आता हा क्रमांक म्हणजे पुस्तकाचं आधार कार्ड. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते आणि त्याला एक रुपया पडत नाही. अर्ज ऑनलाइन, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही करता येतो. हे मी पुतण्याला दाखवलं. त्याने ते सरकारी पान खालीवर केलं आणि म्हणाला, "काका, हे खोटं वाटतंय. इथं कुणी अभिनंदनच करत नाही."

माझं सगळं म्हणणं त्याच्या या एका वाक्यात आलं. लिहिणाऱ्याच्या उपयोगाच्या जागा इंटरनेटवर ढिगाने आहेत, पण त्या दिसायला रुक्ष. त्या तुम्हाला कविवर्य म्हणत नाहीत, मोरपीस लावत नाहीत, रोज रात्री निकाल देत नाहीत. आणि ज्या जागा पहिल्याच दिवशी गळ्यात हार घालतात, त्यांचा दुसरा हात आपल्या खिशाजवळ असतो.

रुक्ष जागांचा मला पहिल्यापासून लळा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 साली निघालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाची कितीतरी पुस्तकं आता संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही अशाच्या पहिल्या पुस्तकाला मंडळ अनुदानही देतं. योजनेचं नाव नवलेखक अनुदान. हस्तलिखित तिथे जातं, जाणकार ते वाचतात, आणि ते नापासही होऊ शकतं. पुतण्याला हे शेवटचं कलम अजिबात आवडलं नाही. त्याच्या समूहात नापास होण्याची सोयच नाही.

विश्वकोशाचं तसंच. त्याचं बिऱ्हाड वाईला, म्हणजे भोरहून मांढरदेवीचा घाट चढून उतरलं की आलंच. त्याचे खंड विकत घेऊन घरात लावायचे तर कपाट लागलं असतं आणि कपाटाला भिंत. आता सगळा विश्वकोश मोबाईलवर उघडतो. अडतं ते एवढंच, की वेल्ह्याच्या बाजूला आत शिरलं की डोंगर आडवा येतो आणि जगातलं सगळं ज्ञान एका गोल फिरणाऱ्या चकतीपाशी थांबतं.

पण खरी गंमत शब्दकोशांची. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला इंग्रज. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडाखंडाने निघाला. हे दोन्ही आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बसल्या जागी चाळता येतात. एकदा मी ओसरीवर इरलं शोधत होतो. माळ्यावरचं नव्हे, कोशातलं. वहिनी, म्हणजे पुतण्याची आई, तांदूळ निवडत होती.

"भावजी, काय बघताय एवढं?"

"इरलं. शिकागोत मिळालं."

"शिकागोत भात लावत्यात का?"

"नाही."

"मग त्यांना इरलं कशाला लागतंय?"

याचं समाधानकारक उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पूर्वी शिवऱ्यातल्या माणसाला साहित्याशी संबंध जोडायचा तर एसटीने स्वारगेट गाठावं लागे. तिथून टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद, 1906 सालची. कार्यक्रम संपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली, आणि मग रात्री कात्रजच्या घाटातून दुधाच्या टेम्पोत बसून परत. टेम्पोत भेटलेल्या माणसांकडून माझ्या कानावर जी मराठी पडली, ती सभागृहातल्या मराठीहून सरस होती, पण परिषदेला मी त्याचा दोष देणार नाही. कवींनी एकत्र जमायची खोड तर पुण्याला फारच जुनी. 1923 साली रविवारी चहाला जमणाऱ्या कवींचं रविकिरण मंडळ झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली मोठी नावं. दोनच वर्षांत अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' काढून त्यांची यथेच्छ टिंगल केली. आजच्या कोणत्या समूहाचं असं विडंबन करायला कुणी बसलंय, ते मला दाखवा. विडंबनाला आधी मूळ कविता पाठ व्हावी लागते.

नव्या माणसाला हात देणारेही होतेच. सुरेश भटांनी गझल लिहू बघणाऱ्या नवख्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि वाटली. मतला काय, काफिया काय, रदीफ काय, सगळं शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून. आता ती त्यांच्या नावाच्या संकेतस्थळावर वाचता येते. मी पुतण्याला वाचायला दिली. त्याने मन लावून वाचली आणि पावसाळाभर गझल लिहिली नाही. मराठी साहित्याला झालेला याहून रोकडा फायदा मला ठाऊक नाही.

आणि संस्थेला नकार देण्याची परंपराही संस्थेइतकीच जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1878 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली, तेच आपलं पहिलं साहित्य संमेलन धरतात. दुसरी सभा 1885 साली. तिचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून जायचं नाकारलं. ज्यांना शूद्रातिशूद्रांच्या हक्कांची पर्वा नाही, त्यांच्यात आम्ही मिसळून काय साधणार, असा त्या पत्राचा रोख. संमेलनं पुढे भरत राहिली, वाढत गेली, जेवणावळींसकट मोठी झाली. पण मांडवात कोण नव्हतं हे बघायचं तर ते पत्र काढून वाचावं लागतं.

जात्यावर बसणाऱ्या बायका तर कुणाच्याच यादीत नव्हत्या. त्यांची नोंद केली ती हेमा राइरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइतवाँ या दोघांनी. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी ओव्या जमवायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या आता पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर 2017 पासून येताहेत. कित्येक ओव्या ऐकायलाही मिळतात. गाणारीचं नाव दिलेलं, गाव दिलेलं, तालुका दिलेला. आदरणीय नाही, कवयित्री नाही, सरस्वती नाही. नुसतं नाव आणि गाव. मला विचाराल तर इंटरनेटवरचं सगळ्यांत मोठं मराठी कविमंडळ हेच. प्रवेश फी नाही आणि विषय कुणी देत नाही. विषय घरातच होते: भाऊ, सासू, पंढरपूर, लेकीचं लग्न, दारुड्या नवरा.

वहिनीचं माहेर मुळशीतलं, पौडच्याही वरच्या अंगाचं. एका संध्याकाळी मी मोबाईल तिच्यासमोर धरला आणि तिकडच्या एका गावातली ओवी लावली. मला वाटलं, आता हिचे डोळे भरतील. तिने पदराला हात पुसले, ओवी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "ही अशी न्हाई. ही बाई चाल सोडून म्हणतीय. अन् भावाच्या आधी चुलत्याचं नाव यायला पायजे." मग तिने स्वतः म्हणून दाखवली, एकामागून एक, मधे दम घ्यायलाही न थांबता. पुतण्या जेवता जेवता थांबला. आपल्याच घरात असलं काही आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. मलाही.

त्याच्या अंगात लगेच प्रशासक संचारला. त्याने मोबाईलला बोलून लिहायला लावलं. मोबाईलला ती चाल मानवेना. ओवीत त्याने मधेच एका बँकेचं नाव घातलं. शेवटी हाताने टंकलं आणि तेवढ्याच उत्साहाने आपल्या समूहात धाडलं. परीक्षकांचा निरोप आला, भरपूर जोडलेल्या हातांसकट: ताईंची रचना भावपूर्ण, परंतु आजचा विषय पाऊस असल्याने स्पर्धेसाठी ग्राह्य धरता येत नाही, अक्षरसंख्याही समान नाही. वहिनीने निरोप वाचून घेतला. "पाऊस असता तर दळाय बसले असते का मी?" ती म्हणाली. "लावणीला नसते का गेले?"

त्यानंतर ती हट्टालाच पेटली, की ओव्या जमवणाऱ्या त्या लोकांनाच लिहायचं. सन्मान नको, सन्मानपत्र नको, फक्त चुलत्याचं नाव भावाच्या आधी येतं एवढं त्यांना कळलं पाहिजे. मी कागद-पेन घेऊन बसलो. ओवी लिहून झाली, वहिनीचं नाव लिहिलं आणि गावापाशी गाडी अडली. वहिनी म्हणाली, माझ्या माहेरचं गाव घाला, ओवी तिकडची आहे. तेवढ्यात दादा बाहेरून आला आणि त्याने आक्षेप घेतला. सून इथली, रेशनकार्ड इथलं, ज्या जात्यावर एवढी वर्षं दळलं ते जातं आपल्या आईचं, मग ओवी मुळशीच्या नावावर चढते कशी? वहिनीने विचारलं, तुमच्या आईच्या जात्याला गाता येत होतं का? दादाचं म्हणणं, गाणारी कुठलीही असो, पीठ शिवऱ्यात पडलं. पुतण्याने 'मु. पो. शिवरे, माहेर मुळशी' असा तोडगा सुचवला; तो दोघांनीही फेटाळला. पत्र अजून माझ्या टेबलावर आहे, गावाची जागा मोकळी. वहिनी रोज विचारते गेलं का म्हणून, आणि दादा रोज सांगतो की आधी तलाठ्याला विचारू.