कायमचं की महिन्याचं?

अण्णांचा स्टुडिओ सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका बोळात आहे आणि फोटोचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, हा त्यांचा निर्णय 2013 पासून व्हायचा आहे. त्या वर्षी ॲडोबीने जाहीर केलं, की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे एकरकमी मिळणार नाहीत. वर्गणी भरा आणि वापरा. वर्गणी म्हटली की अण्णा फक्त गणपतीची मानतात, तीही पावती मिळाली तर.

"भाड्याच्या तव्यावर भाकरी भाजायची का मालक? एक महिना चुकला, की भाकरी तव्यावर आणि आपण बोळात!"

मुद्दा खोटा नाही. पण अण्णांचा कॅमेरा हप्त्यावर, लेन्स हप्त्यावर, भिशी महिन्याची, चहा खात्यावर. मोबाईल कंपनीने महिना 28 दिवसांचा केला, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. राग तेवढा सॉफ्टवेअरवर.

त्यासाठी खास वही आहे. डावीकडे वर्गणी गुणिले बारा गुणिले दहा वर्षं. गुणाकार झाला, की अण्णा पंखा एकने वाढवतात. उजवीकडे एकरकमी. आणि तळाला, बारीक अक्षरात, 'सध्याचं : 0'. म्हणजे फोटोशॉप 7.0, 2002 सालचं, कुणा भाच्याने आणलेल्या सीडीतलं. त्याच्या पावतीचा विषय निघत नाही.

पण हात बघावा अण्णांचा! ग्रुप फोटोत नेमके नवरीच्या आत्याचे डोळे मिटलेले असतात. अण्णा पुढच्या फोटोतून त्यांचेच उघडे डोळे शोधतात, लासो पापणीच्या कडेकडेने फिरवतात, फेदर दोनवर ठेवतात आणि जीभ दातांत धरून ते डोळे जागेवर बसवतात. आत्यांना जन्मभर पत्ता लागत नाही. 12×36 च्या करिझ्मा अल्बममध्ये तर त्यांनी अर्ध्या सोलापूरला बर्फात उभं केलंय.

अडतं ते गड्ड्याच्या जत्रेत. जानेवारीतलं दुपारचं ऊन, नंदीध्वज आणि भोवती पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र. जेपेगमध्ये सगळं पांढरं ते पांढरंच. बाराबंदीची घडी दिसत नाही की बंद दिसत नाही. रॉ फाईलमधून ते बरंचसं परत आणता येतं, पण नव्या कॅमेऱ्याची रॉ 7.0 उघडतच नाही. त्या आठवड्यात निर्णय अगदी टप्प्यात येतो. मग लग्नसराई येते.

मधे लाईटरूम 6 वर मन गेलं होतं. 2015 चं, एकरकमी. पण 2017 संपता संपता त्याचे अपडेट थांबले आणि पुढच्या कॅमेऱ्यांच्या रॉ ते उघडेना. "म्हणजे सॉफ्टवेअर कायमचं, पण कॅमेरा म्हातारा ठेवायचा!" गिंप फुकट होतं, पण अण्णांची बोटं फोटोशॉपच्या शॉर्टकटला सरावलेली. दोन दिवसांत काढून टाकलं.

शेवटी ॲफिनिटी. एकरकमी आणि परवडणारं. भिशी लागली की घ्यायचं, असं ठरलंसुद्धा. एवढ्यात 2024 मध्ये ते बनवणारी कंपनी कॅनव्हाने विकत घेतली. "मालक बदललाय, जरा बघू," म्हणत अण्णा थांबले. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲफिनिटी चक्क फुकट झालं. मी पेढ्याच्या तयारीने गेलो, तर अण्णांचा चेहरा पडलेला.

"फुकट? गोम हाय मालक कायतरी!"

गोम सापडायला वेळ लागला नाही. एआयची हत्यारं हवी असतील, तर कॅनव्हाची वर्गणी. अण्णांनी टेबलावर थाप मारली. "बगा! सांगत होतो की नाय?" इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. लगेच वहीचं नवं पान उघडलं.

तेवढ्यात एक कॉलेजचा पोरगा पासपोर्टच्या आठ कॉपी न्यायला आला. म्हणाला, "अण्णा, फाईल पण व्हॉट्सॲपला टाका की. पैसे तर एकदाच दिलेत."

अण्णांनी वहीतून मान वर केली नाही.

"फाईल देत नसतो बे आम्ही. लागंल तवा ये, कॉपी काढून देतो."