नात्याचा निकाल

आमच्या गावाचं नावच नाते. महाडातून रायगडाकडे निघालात की पाचाडच्या अलीकडे लागतं. ‘नात्यात निवडणूक लागली’ असं म्हटलं की परगावचा पाहुणा विचारतो, गावात की घरात? आम्ही सांगतो, एकच की हो. एका पॅनेलकडून चुलता उभा, दुसऱ्याकडून पुतण्या, आणि अपक्ष जो असतो तो दोघांचाही साडू. निकालाच्या रात्री गुलाल एकाच पडवीतून दोन्ही बाजूंना झाडावा लागतो.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. नियमानेच नसतं. कपबशी, छत्री, नारळ, शिलाई मशीन असला संसार मतपत्रिकेवर मांडलेला असतो. लोक मत देतात ते पाखाडीला, नळाच्या पाण्याला, मागच्या गणपतीत कोण कुणाशी बोललं नाही त्याला. आणि गावाच्या मुंबई मंडळाने परळहून जी गाडी भरून आणलेली असते, तिच्या भाड्याला. पण संध्याकाळ झाली की कपबशीला अचानक विचारधारा फुटते. महाडात मोजणी होते, अलिबागेत बेरीज, मुंबईत गुणाकार. रात्री नऊ वाजता टीव्हीवर प्रत्येक पक्षाचा प्रवक्ता आपापले सरपंच मोजून दाखवतो आणि सगळ्यांचे मिळून सरपंच गावांपेक्षा जास्त भरतात. जिल्ह्यात इतकी गावं कधी झाली, हे महसूल खात्यालाही ठाऊक नसतं.

मग सत्कार. एकाच सरपंचबाईंना तीन कार्यालयांतून बोलावणं येतं. तीन शाली, तीन नारळ आणि तीन वेळा ‘हा आमच्या राष्ट्रीय नेतृत्वावरचा विश्वास आहे’ हे भाषण. पहिली शाल बाई स्वतः ठेवतात, दुसरी सासूला देतात. तिसरीपर्यंत राष्ट्रीय नेतृत्व कुठलं होतं, ते त्यांच्याही लक्षात राहत नाही. नळाचं विचारायला त्या प्रत्येक ठिकाणी तोंड उघडतात, तेवढ्यात फोटो काढणारा म्हणतो, ‘ताई, जरा हसा.’

दिल्ली म्हणजे आम्हाला काही अप्रूप नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच नात्यात जन्मले. नोटेवर त्यांची सही असायची, त्यामुळे गावाचा माणूस एकेकाळी देशाच्या प्रत्येक खिशात होता. १९५२ साली कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, लोकसभेवर गेले, देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं घाटलं आणि आंदोलकांवरच्या गोळीबाराच्या चौकशीलाही नेहरूंनी नकार दिला, तेव्हा जुलै १९५६ मध्ये संसदेत उभे राहून त्यांनी राजीनामा दिला. नंतर मागेही घेतला नाही, ही बाब आजच्या वाचकासाठी मुद्दाम सांगतो.

पुढच्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला असं झोडपलं की कुलाब्याची जागाही शेकापकडे गेली. नोव्हेंबरात पंडितजी शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, इथे शेजारी पोलादपूरच्या डोक्यावर, प्रतापगडावर. तर वाटेवर काळी निशाणं. तो निकाल घाट चढून दिल्लीला पोचला. १९५९ मध्ये इंदिराबाई काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि पक्षाने मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्याचा हट्ट सोडला. १ मे १९६० ला राज्य मिळालं. चिंतामणराव पुढे १९६९ साली राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. त्याच निवडणुकीच्या भांडणात काँग्रेस दुभंगली. पडला नात्याचा माणूस, फुटला दिल्लीचा पक्ष! यापेक्षा जास्त परिणाम एका गावाने काय करायचा?

आता घाटातली वाहतूक एकेरी झाली आहे. वरचं खाली येतं, खालचं वर जात नाही. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, हेसुद्धा मुंबईत कोण बसलंय त्यावर: २०१७ ला थेट, २०२० ला आडून, २०२२ ला पुन्हा थेट. त्याच २०२२ मध्ये आमचे आमदार भरतशेठ गोगावले शिवसेनेच्या शिंदे गटाचे प्रतोद झाले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही नेमणूक बेकायदा. १० जानेवारी २०२४ ला विधानसभेचे अध्यक्ष म्हणाले, वैध. गावकीच्या सभेत असा निवाडा दिला असता तर पाटलाला लोकांनी चपला घालू दिल्या नसत्या. मधल्या काळात एका सेनेच्या दोन झाल्या, एका राष्ट्रवादीच्या दोन, आणि सभेला सतरंजी पुरेना. कालचा निष्ठावंत सकाळी उठून पेपर बघतो, आज आपण कुठल्या गटात?

मंत्रिपदासाठी कोट शिवून तयार आहे असं भरतशेठ सांगत होते. तो डिसेंबर २०२४ मध्ये एकदाचा अंगात चढला. मग रायगडचं पालकमंत्रिपद. १८ जानेवारी २०२५ ला आदिती तटकरे यांचं नाव आलं, इकडे भरतशेठांच्या कार्यकर्त्यांनी मुंबई-गोवा महामार्ग रोखला. (२०११ पासून काम चाललेला रस्ता रोखायला माणसं कशाला लागतात, हे मला अजून कळलेलं नाही.) दुसऱ्या दिवशी नेमणुकीला स्थगिती. एप्रिलमध्ये खुद्द अमित शहा रायगडावर येऊन गेले, सुतारवाडीला तटकऱ्यांकडे जेवले. पंगत उठली, ढेकर आला, पालकमंत्री काही आला नाही. पुढे स्वातंत्र्यदिनापर्यंत जिल्ह्यात चर्चा एकच, झेंड्याची दोरी कुणी ओढायची. इतकं मोठं नेतृत्व, आणि अडलं कुठे, तर दोन तालुक्यांच्या मधल्या बांधावर! दिल्लीवर प्रभाव म्हणायचा तर हा म्हणा.

आमच्या ग्रामपंचायतीच्या निकालानंतर नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागला होता. वरच्या ओळीत राष्ट्रीय नेते, खाली राज्याचे, त्याखाली जिल्ह्याचे आणि त्यांची मुलं, मग वाढदिवस असलेले दोघे. सरपंचबाई उजव्या कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या. मृगाच्या आधी तो बॅनर कुणीतरी उतरवला आणि मागच्या अंगणातल्या सरपणावर घातला. कापड चांगलं जाड आहे, सगळं नेतृत्व आडवं होऊन पाणी झेलतंय. फक्त दोरी ओवायला कोपऱ्यात भोक पाडावं लागलं, आणि ते नेमकं बाईंच्या फोटोतून गेलं.