सैतानाचा वकील

आमच्याकडे स्थळ आलं की पहिलं बोलावणं आत्याला जायचं. मुलाची नोकरी, घर, पत्रिका सगळं जुळलेलं असायचं. बाकीची मंडळी मनातल्या मनात अक्षता टाकून मोकळी झालेली. आत्या चहाचा घोट घ्यायची आणि म्हणायची, "ते सगळं खरं, पण आधीची नोकरी सोडली का म्हणे?" झालं! पाठीमागे आम्ही मुलं तिला विघ्नसंतोषी म्हणायचो.

पुढे वाचनात आलं, की कॅथलिक चर्चने अशी एक आत्या चक्क हुद्द्यावर नेमली होती. १५८७ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी ते पद रीतसर निर्माण केलं. कुणाला संत ठरवायचं असलं, की या माणसाने विरुद्ध बाजूने उभं राहायचं. चमत्कार म्हणता? मग दुखणं औषधानेच बरं झालं नाही कशावरून? नम्र होता म्हणता? मग त्या पत्रात एवढा तोरा कसा? लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. दप्तरी त्याचं नाव मात्र 'श्रद्धेचा पुरस्कर्ता'!

श्रद्धा आणि तर्क यांचं सासू-सुनेसारखं असतं, अशी माझी समजूत होती. इथे तर सासूनेच सुनेच्या हाती कोठीच्या किल्ल्या दिलेल्या. अर्थात किल्ल्या कोठीच्या, सगळ्या घराच्या नव्हेत. याच रोमने १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले.

पण सूनही कधीतरी सासू होतेच. प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी वीस वर्षं ही वकिली केली, संत कसा पारखावा यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १७४० मध्ये ते स्वतःच पोप झाले, बेनेडिक्ट चौदावे. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या पुस्तकांवरची सरसकट बंदी त्यांच्याच कारकिर्दीत उठली. उलटतपासणीची सवय अंगात मुरलेली, दुसरं काय!

या कारभाराला वेळ मात्र भरपूर लागे. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. संतपद मिळालं १८६२ मध्ये. सगळा उशीर वकिलाच्या माथी मारणं बरं नव्हे, पण आत्यानेसुद्धा कुणाला २६५ वर्षं ताटकळत ठेवलं नव्हतं.

१९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही पद्धत बदलली आणि वकिलाचा जुना दरारा गेला. त्यांच्या कारकिर्दीत ४८२ जण संत झाले. सगळे थोरच असणार. शंका घेणारा मी कोण? ते आत्याचं काम.

तिच्या तपासणीतून पार पडलेल्या जावयाला मात्र तीच सगळ्यांत जास्त मिरवायची. त्याच्याबद्दल पुढे कुणी वावगं बोललं तर तिला खपत नसे. कारण जे काय विचारायचं ते तिने आधीच विचारलेलं असायचं.

आत्या आता नाही. स्थळं एका चहात पसंत होतात. 'पण' कुणी म्हणायचं, या विचारात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि बिस्किटं संपवतात.