बदली जहाजाचं बारसं कसं करावं

आधी सुतक पाळा. ‘स्टार ट्रेक’च्या १९८४ सालच्या चित्रपटात कॅप्टन कर्कने ‘एंटरप्राइझ’ स्वतःच उडवून दिलं. पुढचा चित्रपट आला १९८६ साली. म्हणजे चाहत्यांना नाव सुचवायला चांगली दोन वर्षं होती. तेरावा उरकायच्या आत बारशाला बसू नये, एवढंच.

सुचवलेल्या नावाला पुरावा जोडावा. हे कलम आमच्या दादामुळे घालावं लागलं. त्याचं म्हणणं, १९८६च्या चित्रपटाच्या शेवटी कर्कला मिळालेलं ‘एंटरप्राइझ-ए’ नवं नव्हतंच. ती पाटी बदललेली ‘यॉर्कटाउन’. इतक्या थोड्या दिवसांत गोदीतून अख्खं जहाज बाहेर पडतं का? शिवाय ‘स्टार ट्रेक’चा जनक जीन रॉडनबेरीच्या १९६४च्या पहिल्या आराखड्यात जहाजाचं नाव ‘यॉर्कटाउन’च होतं. एवढ्यावर समोरचा बधला नाही, तर दादा खऱ्या आरमारात शिरतो. १९४२मध्ये मिडवेच्या लढाईत अमेरिकेची विमानवाहू ‘यॉर्कटाउन’ बुडाली, तेव्हा गोदीत बांधून होत असलेल्या ‘बॉनॉम रिशार’चंच नाव बदलून ‘यॉर्कटाउन’ केलं होतं. इथवर दोनदा चहा होतो. वैताग याचा, की यात खोडून काढण्यासारखं काही सापडत नाही.

नवंकोरं, अर्थपूर्ण नाव सुचवू नये. कोणी ऐकत नाही.

बदलून आलेल्या जहाजाची मात्र विचारपूस करावी. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत १९९९ साली ‘डिफायंट’ नष्ट झालं आणि त्याच्या जागी ‘साओ पावलो’ आलं. लगेच खास परवानगी काढून त्याचंही ‘डिफायंट’ केलं. सासरी आलेल्या मुलीचं नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदलावं, तसं. मला अजून त्या ‘साओ पावलो’चं वाईट वाटतं. दादाला नाही वाटत.

आकड्याला हात लावू नये. ‘एंटरप्राइझ’चा १७०१ कायम, मागची अक्षरं वाढवावीत. दुसऱ्या ‘डिफायंट’च्या अंगावर तर जुनाच आकडा दिसला, कारण जुनीच दृश्यं पुन्हा वापरली होती. दादा याला काटकसर म्हणत नाही, निष्ठा म्हणतो.

गेल्या वर्षी त्याने जुनी स्कूटर मोडीत काढली आणि फी भरून तोच नंबर नव्या स्कूटरवर घेतला. पावती घेताना त्याने खिडकीतल्या बाईंना विचारलं, “मॅडम, मागे ‘ए’ लावता येईल का?”