आयजीच्या जिवावर बायजी उदार

2015 साली फेसबुकला आपल्या गोरगरिबांचा भारी कळवळा आला. ‘फ्री बेसिक्स’मध्ये इंटरनेट फुकट, डेटाचा खर्च मोबाइल कंपनीचा, नाव फेसबुकचं. कुठली संकेतस्थळं दिसणार, याचे नियमही फेसबुकचेच. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने अशा योजनांवर लोकांची मतं मागवली, तर विचार करायचे कष्टही कंपनीने वाचवले: मजकूर तयार, आपण नुसतं बटण दाबायचं. लाखो संदेश गेले. ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तेवढी त्यांत नव्हती. (गणिताच्या पेपरात गाईवर निबंध!) 8 फेब्रुवारी 2016 रोजी काही संकेतस्थळं फुकट, बाकीची पैसे मोजून, असले भेदभावाचे दर ट्रायने बंद केले. पुढे 2020 मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्सचा 9.99 टक्के हिस्सा 43,574 कोटी रुपयांना घेतला. त्यासाठी गरिबांचं नाव पुढे करावं लागलं नाही.