मे. हौस एंटरप्रायझेस, रोडपाली

रोडपालीत लोखंडाला तोटा नाही. एका अंगाला कळंबोलीचं पोलाद मार्केट, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी. सकाळी दूध आणायला निघावं तर स्टीलच्या कॉइल लादलेला ट्रेलर रस्ता अडवून उभा. मात्र यातलं शंभरेक किलो लोखंड सहाव्या मजल्यावर न्यायचं म्हटलं की सोसायटीच्या भुवया वर जातात.

मला छोटं सीएनसी मिलिंग मशीन हवं आहे. धंद्यासाठी नव्हे, हौसेसाठी. हे विक्रेत्याला फोनवर सांगून बघा.

"कंपनीचं नाव काय, सर?"

"कंपनी नाही. घरी ठेवायचंय."

"ॲप्लिकेशन काय लिहू?"

"हौस."

पलीकडे कीबोर्ड खडखडला आणि संध्याकाळी कोटेशन आलं: 'मे. हौस एंटरप्रायझेस, रोडपाली'. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे मोल होतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही होता.

या बाजारात तळाला '३०१८' नावाचा प्रकार असतो. ३०० बाय १८० मिलिमीटरचा बेड आणि उचललं तर काखेत मावेल एवढं मशीन. लाकूड, ॲक्रिलिक बिनतक्रार कापतं. ॲल्युमिनियम फार आर्जवं केली तर. याचा मेंदू म्हणजे तळहाताएवढा बोर्ड आणि त्यावर २००९ पासून फुकट मिळणारं 'जीआरबीएल'. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने पहिलं न्यूमरिकल कंट्रोलचं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा कंट्रोलरची व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटं खुद्द मशीनपेक्षा जास्त जागा अडवून बसली होती. मेंदू इतका आक्रसला, पण धड काही आक्रसत नाही. कटर धातूला रेटतो, धातू कटरला उलटा रेटतो, आणि मधल्या मधे मशीन वाकलं की जॉबवर चॅटरच्या लाटा उठतात. त्यावर इलाज एकच, वजन.

हे मला ब्रोशरने सांगितलं नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी दाखवलं. काकांची उभी हयात तळोज्यात व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, सेटर म्हणून गेली. आम्ही एक मशीन बघायला गेलो. विक्रेता स्पिंडलचे २४ हजार आरपीएम रंगवून सांगत होता. काकांनी पिशवीतून डायल गेज काढला आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड बेडवर ठेवला. तो चिकटेना. पुन्हा ठेवला, घसरला.

"बेड ॲल्युमिनियमचा आहे, काका," विक्रेता म्हणाला.

"ते तुमच्याआधी स्टँडने सांगितलं."

मग स्टँड टी-स्लॉटमध्ये पट्टीने आवळून बसवला, गेजची सुई स्पिंडलला टेकवली आणि काकांनी स्पिंडल अंगठ्याने हलकेच रेटलं. काटा दहा-बारा डिव्हिजन सरकला, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. काका काही बोलले नाहीत. विक्रेत्याने चहा मागवला.

त्या २४ हजारांचंही काकांनी येताना रिक्षात गणित मांडलं. ६ मिलिमीटरचा एचएसएस एंडमिल माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला साधारण १३०० फेरे मागतो. वेगासाठी बनलेलं हे स्पिंडल तेवढं हळू फिरवलं तर त्यात जोरच उरत नाही आणि जोरात फिरवलं तर कटर जळतो. "स्टील कापायचं तर खाली कास्टिंग हवं, वर टॉर्क हवा," काका म्हणाले. "आणि तुझ्या घरात तर लिफ्टसुद्धा नाजूक."

लिफ्टवर पाटी आहे: '६ व्यक्ती, ४०८ किलो'. सेक्रेटरी म्हणाले, "व्यक्ती लिहिलंय, मशीन नाही." मी म्हटलं, चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरूनच घरातल्या स्लॅबचं डिझाइन होतं. ते म्हणाले, "त्यात तुमचं लग्नातलं कपाट धरलंय का?" मला सोसायटीत इतका चोख सवाल आजवर कुणी केला नव्हता.

शेवटी मी ठरवलं: बेड लहान, वजन जास्त. मोठ्या बेडचा मोह अगदी वाईट. त्याच पैशात पोकळ मशीन पदरी पडतं. कास्ट आयर्नचं, बॉलस्क्रूचं, सिंगल फेजवर चालणारं, कॉलम आणि बेस वेगळे करून दोन खेपांत वर नेता येईल असं. त्यावर फक्त ॲल्युमिनियम आणि पितळ. स्टीलचा जॉब आलाच तर काकांच्या ओळखीने तळोज्यात. तिथलं चार-पाच टनांचं व्हीएमसी तो चहा निवायच्या आत उरकेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून काय कुणी घरी गाणं म्हणायचं सोडतं?

बायकोने नवं कोटेशन नीट वाचलं.

"या कंपनीत मी कोण?"

"भागीदार."

"मग अटी लिहून घ्या. दुपारी दोन ते चार मशीन बंद. चिप्स बाल्कनीच्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. पोळ्यांच्या डब्यात एक जरी सापडली, तर कंपनीला टाळं."

"मंजूर."

"आणि पहिलं काय बनवणार?"

"जॉब धरायला क्लॅम्प."

"मग?"

"वाइसला सॉफ्ट जॉ. नंतर मोटरला ब्रॅकेट."

तिने पेन घेतलं आणि कोटेशनवर, हौस एंटरप्रायझेसच्या खाली, लिहिलं: 'एकमेव ग्राहक: मशीन स्वतः. उधारी बंद.'